‘देअर हेड’ की ‘देअर हेड्स’? अनेकांची एकेक वस्तू इंग्रजीत कशी लिहावी

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की ओळखीतलं कोणी ना कोणी फोटो टाकतं आणि खाली इंग्रजीत ओळ लिहितं, ‘विमेन कॅरिइंग तुळशी ऑन देअर हेड’. इंग्रजी वाचणाऱ्याला हे खटकतं. बायका इतक्या आणि डोकं एकच? आपल्याला काहीच खटकत नाही, कारण मराठीत ‘बायकांच्या डोक्यावर तुळस’ हेच सरळ आहे. ‘डोक्यांवर’ म्हटलं तर उलट हसू येईल.

इंग्रजीचा साधा रिवाज असा, की माणसं अनेक आणि प्रत्येकाकडे वस्तू एकेक असेल, तर वस्तूही अनेकवचनी लिहायची. ‘ऑन देअर हेड्स’. ‘द बॉइज टुक ऑफ देअर कॅप्स’. एका मुलाने चार टोप्या घातल्या होत्या असं त्यातून कोणी समजत नाही.

हा नियम शाळेत झालेला असतो, तरी हात चुकतो. कुठे चुकतो ते आधी हेरून ठेवा. मराठीत नाम प्रत्ययाशिवाय आलं की आपणही अनेकवचनच वापरतो. लोक माना डोलावतात, नाकं मुरडतात, छत्र्या उघडतात. तिथे इंग्रजीतही सहसा चूक होत नाही. पण नामाला ‘-वर’, ‘-ला’, ‘-त’ लागलं की आपण बहुतेक वेळा एकवचनावर येतो. वादकांच्या कमरेला ढोल, टाळकऱ्यांच्या गळ्यात टाळ, पोरांच्या हातात झेंडे. म्हणून इंग्रजी वाक्य लिहून झालं की त्यातले ‘ऑन’, ‘इन’, ‘टु’, ‘अराउंड’ शोधा आणि त्यांच्यापुढचं नाम तपासा. ढोल ‘टाइड टु देअर वेस्ट्स’, झेंडे ‘इन देअर हँड्स’. माझ्या निम्म्याहून जास्त चुका एवढ्या एका तपासणीत सापडतात.

दुसरी जागा ‘जीव’. ‘अपघातात तिघांनी जीव गमावला’ हे मराठीत ठीक, इंग्रजीत ‘लॉस्ट देअर लाइव्ह्ज’.

मग विचारा, वस्तू प्रत्येकाची वेगळी आहे की सगळ्यांची मिळून एक? ‘अमित अँड नेहा लव्ह देअर मदर’ म्हटलं की ती भावंडं झाली. ती नवरा-बायको असतील तर ‘मदर्स’ हवं, नाहीतर लग्नाची पत्रिकाच वादात सापडेल. ‘द विमेन केम विथ देअर हजबंड’ या वाक्याबद्दल जास्त बोलायला नको.

होमवर्क, लगेज यांना अनेकवचन नाहीच, तिथे प्रश्न मिटला. ठरलेले वाक्प्रयोगही तसेच ठेवायचे. वारकरी कितीही असोत, ते पंढरपूरला ‘ऑन फूट’च जातात, आणि दहा वॉचमन मिळूनही गेटवर ‘ॲन आय’च ठेवतात. ‘चेंज्ड देअर माइंड’ आणि ‘माइंड्स’ दोन्ही चालतं. ‘रेज्ड देअर हँड’ असंही लिहिलेलं दिसतं. एकेकाने एकच हात वर केला हे ठसवायचं असेल तर ते चूक नाही. पण शंका आली तर अनेकवचन घ्यावं, हे माझं मत.

एक अडचण मात्र अनेकवचनाने सुटत नाही, वाढते. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत इंग्रजी सूचना लिहायचं काम माझ्याकडे असतं (मराठी पाट्या लिहायला पुण्यात माणसं शोधावी लागत नाहीत). मी लिहिलं, ‘मेंबर्स मे पार्क देअर कार्स इन द कंपाउंड’. व्याकरण चोख. दोन गाड्या असलेले एक काका पाटीसमोर उभे राहून म्हणाले, ‘कार्स लिहिलंय ना? मग माझ्या दोन्ही आत.’ त्यांचं चुकलं नव्हतं. ‘देअर कार्स’मधून एकेकाची एक की दोन, हे कळतच नाही. ‘देअर कार’ केलं असतं तरी काकांनी ऐकलं नसतं, वर सगळ्या सोसायटीची मिळून एकच गाडी आहे की काय, असंही कोणीतरी विचारलं असतं.

संख्या महत्त्वाची असेल, म्हणजे पार्किंग, फॉर्म, फोटो, फी यांत, तर कर्ताच बदला आणि ‘ईच’ आणा. ‘ईच मेंबर मे पार्क वन कार’. ‘ईच’नंतर नाम एकवचनी, आणि ‘ईच ऑफ द मेंबर्स’ लिहिलं तरी क्रियापद ‘हॅज’, ‘हॅव्ह’ नाही. कर्ता अनेकवचनीच ठेवायचा असेल तर ‘ईच’ शेवटी टाका: ‘द व्हॉलंटिअर्स वेअर गिव्हन अ कॅप ईच’. टोपी प्रत्येकी एक, वादाला जागा नाही.

नवी पाटी लागली त्या दिवशी काकांनी ती दोनदा वाचली आणि दुसरी गाडी काकूंच्या नावावर आहे, असं सांगितलं.