वन्यजीवांचे फोटो संवर्धनासाठी वापरताय? या चुका टाळा

ताडोबाच्या जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यात, निमढेला भागात, एका तरुण वाघाने पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून उचलली. तो व्हिडिओ २०२४ च्या सुरुवातीला देशभर फिरला. वाघाचे याहून देखणे व्हिडिओ रोज येतात आणि संध्याकाळपर्यंत विसरले जातात. हा लक्षात राहिला, कारण यात वाघ दिसत होता आणि त्याच्या घरात आपण काय टाकून आलो तेही दिसत होतं. जंगलासाठी काहीतरी करायचं म्हणून कॅमेरा हाती घेणाऱ्या अनेकांचं इथेच चुकतं. प्राणी फ्रेममध्ये येतो आणि त्याच्यावरचं संकट फ्रेमबाहेर राहतं.

फक्त चेहरा टिपणं

मोठी लेन्स असली की डोळे, मिशा, पिसं यांवरच फोकस जातो. पार्श्वभूमी धूसर झाली की फोटो चांगला, असं आपण धरून चालतो. पण संवर्धनाच्या दृष्टीने बऱ्याचदा ती पार्श्वभूमीच महत्त्वाची असते. माळरानावरच्या लांडग्यामागची पवनचक्की, चिंकाऱ्यासमोरचं नवं कुंपण, पाणवठ्याला लागून आलेला रस्ता. त्यामुळे एक फोटो जवळचा घेतलात तर दुसरा मुद्दाम रुंद घ्या.

छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी मुंबईतल्या आरे कॉलनीत टिपलेला बिबट्या आठवा. २०१६ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत त्या फोटोला शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. वारली पाड्यातल्या अरुंद बोळातून बिबट्या चाललाय, बाजूला माणसांची घरं आहेत. त्या फोटोत कुणी कुणावर हल्ला करत नाही. वारली माणूस वाघोबाला पूजत त्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आलाय, हे मुंबईच्या फ्लॅटमधल्या माणसाला शंभर भाषणांनी पटलं नसतं. याउलट, झाडीत बसलेल्या बिबट्याच्या साध्या व्हिडिओला धडकी भरवणारं संगीत आणि 'नरभक्षक' असा मथळा जोडला की जुन्नर परिसरातल्या आधीच धास्तावलेल्या गावांत आपण आणखी तेल ओततो. ज्याने माणूस मारल्याची खात्री नाही, त्याला नरभक्षक म्हणू नका.

व्हायरल झालं, पण घडलं काहीच नाही

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. हा फोटो कुणी पाहायला हवा आणि पाहून त्याने नेमकं काय करायला हवं, हे टाकणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं. 'निसर्ग वाचवा' असं लिहून कुणीही हलत नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयावर काय झालं ते बघा. सैबेरिया आणि चीनकडून आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणे तिथे उतरत आणि जाळ्यांत सापडून हजारोंनी मारले जात. बानो हारालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सु हे संवर्धन कार्यकर्ते तिथे पोहोचले. मेलेल्या पक्ष्यांचे करुण फोटो घेऊन ते परतले नाहीत. जाळी कुठे आणि कशी लागतात, पक्षी कुठे विकले जातात, हे सगळं त्यांनी चित्रित केलं. शिकाऱ्यांशी बोलून ऐन हंगामात दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी मारले जात असल्याचा अंदाज मांडला. मग हे सगळं सरकारी यंत्रणा, संवर्धन संस्था आणि माध्यमांपुढे ठेवलं. पुढच्या वर्षभरात ग्रामसभा, चर्च, वनखातं आणि शाळकरी मुलं या कामात उतरली. २०१३ च्या हंगामात तिथली ती शिकार थांबली. हेच ससाणे हिवाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे लोणावळ्याच्या आसपासही दिसतात आणि मग अरबी समुद्र ओलांडतात. म्हणजे नागालँडमधल्या त्या चित्रीकरणाचं देणं आपल्याही आकाशाला लागतं.

या कामाचं मर्म मला एकाच गोष्टीत दिसतं. गावाला खलनायक ठरवून ते थांबले नाहीत. ज्यांच्या हातात जाळी होती त्यांच्यापर्यंत परत गेले. आपल्याकडे शिकारीचा किंवा वणव्याचा व्हिडिओ टाकताना अख्ख्या गावाला शिव्या देण्याची घाई होते. मग तेच गाव पुढच्या वेळी माहिती देत नाही.

जागा उघड करणं

दुर्मीळ पक्षी दिसला की फोटोखाली लगेच गावाचं नाव येतं. पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. पुण्याजवळच्या माळरानांवर धाविक, टिटव्या, चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. गाडी माळावर घातली की चाकाखाली काय गेलं हे चालवणाऱ्याला कळतही नाही. लांडग्याची पिल्लं असलेली गुहा तर कुणालाच सांगू नये, जवळच्या मित्रालाही नाही.

नाव न लिहिताही जागा फुटते. मोबाइलच्या फोटोत जीपीएसची नोंद दडलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती निघून जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. निसर्गनोंदी टाकायच्या आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर संकटग्रस्त प्रजातींची जागा आपोआप पुसट केली जाते, बाकीच्यांसाठी तुम्ही स्वतः तो पर्याय निवडू शकता. जाहीर पोस्टमध्ये फार तर जिल्हा लिहा.

फोटोसाठी जिवाशी खेळ

पावसाळ्यात आंबोलीला रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांची गर्दी होते. मलबार ग्लायडिंग फ्रॉगची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करते, कारण अंड्यांतून निघालेले बेडूकमासे थेट खालच्या पाण्यात पडायला हवेत. फोटोसाठी ती फांदी कुणी वाकवून बांधली, तर बेडूकमासे पडणार मातीत. बेडूक हातात घेऊन 'चांगल्या' पानावर ठेवणंही तसंच. त्यांची त्वचा सगळं शोषून घेते आणि आपल्या हाताला डास पळवायचं मलम लागलेलं असतं. विणीच्या काळात स्पीकरवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावलं, तर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात त्याचा वेळ जातो आणि पिल्लं उपाशी राहतात. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येतं, हे फार थोड्या जणांना माहीत असतं.

३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला. मध्ये वाघीण आणि तिचे पाच बछडे होते. त्याचं चित्रण बाहेर आलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि चालक, गाइड यांच्यावर कारवाई झाली. चालकाला 'अजून थोडं पुढे घे' म्हणणारे आपणच असतो. ते म्हणू नका. चालकाने स्वतःहून गाडी मागे घेतली, तर त्याला शाबासकी द्या, टिप द्या.

वनखात्याला पाठवलं, उत्तर आलं नाही

स्टेटसवरचा कापलेला, रंग वाढवलेला, वॉटरमार्क टाकलेला फोटो तक्रारीत फारसा टिकत नाही. त्यातच एआयने बनवलेले बिबटे फिरू लागल्यापासून अधिकाऱ्यांना खऱ्या फोटोवरही शंका येते. म्हणून मूळ फाइल, आणि कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली 'रॉ' फाइल असेल तर तीच, हात न लावता ठेवा. तारीख, वेळ, गट क्रमांक किंवा जवळची खूण लिहा. फास, खैराची तोड, पाणवठ्यात टाकलेलं विष असं काही दिसलं तर आधी १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर कळवा, पोस्ट नंतर. आधी पोस्ट टाकली तर संशयितही सावध होतो. मग लेखी अर्ज करून पोच घ्या. त्यावर काहीच हललं नाही, तर माहिती अधिकारात काय कारवाई झाली ते विचारा. त्याचं उत्तर ३० दिवसांत देणं बंधनकारक आहे.

यासाठी महागडा कॅमेराही लागत नाही. कोकण किनाऱ्यावर जाळ्यात अडकलेलं कासव किंवा व्हेल शार्क सोडवताना मच्छीमाराला जाळं कापावं लागतं. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या योजनेत त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते आणि पुरावा म्हणून होडीतल्या मोबाइलवर काढलेले फोटो चालतात. किनाऱ्यावर तुमच्या ओळखीचं कुणी मासेमारी करत असेल तर जाळं कापण्याआधी एक, कापताना एक आणि प्राणी पाण्यात जाताना एक, असे तीन फोटो काढायला त्याला सांगून ठेवा.