घरात स्प्रे मारताना पंखा लावला, तरी डोकं का दुखतं?

श्रावण लागला की मला एकच फोन परत परत येतो. गौरीचे मुखवटे रंगवायचे असतात, मखराला सोनेरी मारायचा असतो. "काका, एक्झॉस्ट बसवलाय, तरी डोकं चढतं." मी आधी विचारतो, खोलीचं दार उघडं होतं का? उत्तर ठरलेलं: नाही, वास घरभर नको म्हणून बंद केलं आणि फटीला पायपुसणं लावलं.

सगळं बिघडतं ते इथेच. पंखा जेवढी हवा बाहेर टाकेल तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. ती वाटच बुजवली तर पंखा नुसता घरघरतो.

हे मी बडोद्यात, कारेलीबागेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भोगलंय. मी विमानांची मॉडेल करतो. दार लावून अर्धा तास फवारलं आणि खोलीत गटाराचा वास सुटला. मला वाटलं रंग पातळ करायचा थिनर खराब निघाला, डबा बदलला. मग लक्षात आलं, लागून असलेली बाथरूम महिनाभर वापरात नव्हती, मोरीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या वाकातलं, पाणी आटलं होतं आणि पंखा तिथूनच हवा ओढत होता. सकाळी टेबलाच्या काचेवर बोट फिरवलं तर करड्या रंगाची बारीक भुकटी. तीच रात्रभर आमच्या श्वासात होती.

तेव्हापासून मोरीत तांब्याभर पाणी ओततो आणि पंख्याच्या समोरच्या बाजूचं दार चार बोटं उघडं ठेवतो. थिनरचं झाकण उघडण्याआधी बूथच्या, म्हणजे ज्यात फवारतो त्या पंखा लावलेल्या खोक्याच्या, तोंडाशी उदबत्ती धरून बघतो. धूर सरळ आत वळला पाहिजे. मग उदबत्ती विझवून खोलीबाहेर.

विस्तवाच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. शेजारच्या खोलीत समई तेवत असेल किंवा बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर त्या वेळी फवारणी नाही म्हणजे नाही. "दोनच मिनिटं मारतो" म्हणणाऱ्यांची मला फार भीती वाटते.

पंखा घेताना घाई नको. बूथचं तोंड 16 बाय 12 इंच असेल आणि तिथे हवेचा वेग मिनिटाला 100 फूट हवा असेल, तर मिनिटाला साधारण 133 घनफूट हवा ओढली गेली पाहिजे. खोक्यावरचा आकडा बहुधा पाइप न जोडता मोजलेला असतो. चुण्यांचा लवचिक पाइप लांबवून दोन वळणं दिली की बाथरूमचा साधा पंखा दम टाकतो. पाइप आखूड आणि ताणून लावा.

एन-95 मास्क रंगाचे कण अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कार्बनचं कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी डबी, लावलेला मास्क लागतो. वॉटर-बेस्ड रंगाचाही फवारा छातीत जातोच. पावसाळ्यात बडोद्याला वारा नैऋत्येचा. त्या बाजूची खिडकी असेल तर वास परत आत येतो. वरच्या बाल्कनीत कपडे वाळत असतील तर आधी सांगून या.

आणि स्प्रे गन धुताना पंखा बंद करू नका. सगळ्यात जास्त थिनर तेव्हाच उडतो. मी बूथमध्येच धुतो, थिनरची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो आणि पंखा पुढे वीस मिनिटं चालू ठेवतो.