कानातले खडे सुटले की गरगरतं, ते जागेवर कसे आणायचे

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात कॅल्साइटचे स्फटिक पाहिले असतील. त्याच खनिजाचे बारीक खडे आपल्या आतल्या कानात असतात. ते गर्भातच तयार होतात: पेशी आधी प्रथिनं स्रवतात आणि त्यांच्या गाभ्याभोवती कॅल्शियम कार्बोनेट साचत जातं. एकेक खडा साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, पण भोवतीच्या द्रवापेक्षा अडीचपटीहून जड. या जडपणामुळेच मान कलली की खड्यांखालचा चिकट थर सरकतो आणि मेंदूला तोल कळतो.

मोठेपणी हे खडे जवळजवळ नव्याने बनत नाहीत. वय, ठिसूळ हाडं, ड जीवनसत्त्वाची कमतरता किंवा डोक्याला मार यामुळे ते सुटतात आणि आतल्या कानातल्या, डोकं फिरलेलं टिपणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांपैकी बहुतेक वेळा मागच्या नळीत जाऊन पडतात. मग कूस बदलताना किंवा द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर करून विरळणी करताना एकदम घर फिरतं. मिनिटभरात थांबतं. पुष्कळजण मणक्याचा त्रास समजून गळपट्टा लावतात. त्याने खडे हलत नाहीत. चक्करेच्या गोळ्यांनी मळमळ कमी होते, खडे तिथेच राहतात.

बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, चालताच न येणं, अचानक तीव्र डोकेदुखी: यातलं काही असेल तर घरी काही करू नका, थेट दवाखाना गाठा. मानेचा आजार किंवा डोळ्याचा पडदा सुटलेला असेल तर पुढची कृती डॉक्टरांकडेच.

आधी कोणता कान ते ठरवा, कारण चुकीच्या बाजूने केलेली कृती वाया जाते. डोकं ज्या बाजूला वळवून मागे आडवं झाल्यावर गरगरतं, तो कान. पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून खात्री करून घ्या. डोळ्यांची थरथर पाहून खडे कोणत्या नळीत आहेत तेही त्यांना कळतं.

खडे जागेवर आणायची कृती अमेरिकी कानतज्ज्ञ डॉ. जॉन एपली यांची, १९९२ साली प्रसिद्ध झालेली. उजवा कान धरू. पलंगावर पाय लांब करून बसा, उशी अशी ठेवा की पडल्यावर खांद्याखाली येईल. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवा आणि तसेच चटकन मागे आडवे व्हा; डोकं उशीपलीकडे जरा खाली लवलेलं हवं. गरगरेल, डोळे उघडे ठेवा. ते थांबल्यावर आणखी ३० सेकंद थांबा. डोकं न उचलता डावीकडे ९० अंश वळवा, ३० सेकंद. आता अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा ३० सेकंद. शेवटी हनुवटी छातीशी ठेवून डाव्या बाजूने हळूच उठा. डाव्या कानासाठी सगळं उलट.

घाई हीच मोठी चूक: खडा द्रवात हळू घसरतो, वेळ न देता उठलात तर तो मागे येतो. दुसरी चूक, मधेच डोकं उचलणं. उठल्यावर तोल जाऊ शकतो म्हणून घरातलं कुणी जवळ हवं, आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. रोज तीन वेळा करून आठवड्यात फरक नसेल, तर खडा आडव्या नळीत असू शकतो. तिची कृती वेगळी असते, पुन्हा तज्ज्ञांना दाखवा.