‘काकू, तुम्ही द्याल ते’: लग्नातल्या हौशी फोटोग्राफरचा हिशोब

“काकू, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या,” असं शेजारचा पोरगा म्हणाला की समजायचं, आकडा आता आपल्यालाच काढावा लागणार. मी सांगलीत विश्रामबागला ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. “घरचीच आहेस, तुला काय द्यायचं?” हे ऐकून कान किटलेत. तरी थोरलीच्या साखरपुड्याला मी तेच केलं. नात्यातल्या एकाने नवा कॅमेरा घेतला होता. त्याला फोटो काढायला लावले आणि जाताना नारळ-शर्टपीस हातात ठेवला. फोटो साडेतीन महिन्यांनी आले. अंगठी घालतानाचा एकही नाही, केकचे तेवीस. आणि बोलणार तरी काय, शर्टपिसाच्या जोरावर?

धाकटीच्या लग्नाला मात्र वही घेऊन बसले. फोटो काढायला शेजारचाच पोरगा, नोकरी करणारा, फोटोचा नाद असलेला. आधी त्याचे इन्स्टाग्रामवरचे निवडक दहा फोटो बाजूला ठेवायला सांगितले. एखाद्या घरगुती कार्यक्रमाचे सगळेच्या सगळे दाखव म्हटलं, तेही हॉलमधले, संध्याकाळचे. दहा काय, कुणाचेही चांगले निघतात.

मग दिवस मोजले. हळदीचा अर्धा, लग्नाचा एक. पण माझं गिऱ्हाईक जसं शिलाई बघतं आणि कटिंग विसरतं, तसं इथंही होतं. दीड-दोन हजार फोटो चाळायचे, डोळे मिटलेले काढून टाकायचे, हॉलच्या जांभळ्या लाइटने निळे पडलेले चेहरे माणसात आणायचे, याला त्याच्या अंदाजाने भरून चार दिवस. झाले साडेपाच. लग्नसराईत माझे दिवसाला हजार रुपये सुटतात, तोच दर त्याला लावला: ५५०० रुपये. माझ्यापेक्षा त्याचा दिवस स्वस्त का धरायचा?

भाड्याच्या लेन्सचे १२०० वेगळे. ते का, हे त्यानेच समजावलं. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स झूम केली की ५.६वर जाते (हा लेन्सच्या भोकाचा आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त); पन्नासची १.८वाली तिच्या जवळजवळ नऊ-दहा पट उजेड आत घेते. फ्लॅश न मारता मंगलाष्टकांचे फोटो हवेत तर ती लागणार. पेट्रोलचे ३००, पेनड्राइव्हचे ८००. एकूण ७८००, मी ८००० केले. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल, पण मोजायचं असंच: दिवस गुणिले तुमच्या भागातली हातकाम करणाऱ्याची हजेरी, वर त्याचा खर्च. ड्रोन, व्हिडिओ, छापील अल्बम हे सगळं हवं असेल तर सरळ धंद्यातल्या माणसाकडे जा. हौशी पोराकडून ते ८०००त मागणं म्हणजे पोलक्याच्या शिलाईत पैठणीचा घागरा मागणं.

पैसे तीन हप्त्यांत दिले. २००० विसार, ३००० लग्नादिवशी वरातीच्या आधी, ३००० फोटो हातात आल्यावर. सगळे एकदम दिले की फोटो मागे पडतात, आणि काहीच नाही दिलं की पोरगा लेन्स आणायला कचरतो.

एक गोष्ट मला भाच्याने सांगितली, तो वकिली करतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन कुणाकडून फोटो काढून घेतले आणि उलटं काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. फुकट काढले तर काढणाऱ्याचा. म्हणजे शर्टपिसात आपण काय घालवतो बघा. मी कागदावर चार ओळी लिहून घेतल्या: पंधरा फोटो त्याने आपल्या नावाने खुशाल टाकावेत, हळदीतले बायकांचे नाहीत.

हळदीचं आणखी एक. आमचं सांगली हळदीचंच गाव, त्यामुळे हात सैल. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर मीच दिला. आणि तो ‘फोटोवाला’ असला तरी त्याचं ताट पहिल्या पंगतीला वाढा. नंतर घास भरवायचे फोटो काढत तो उपाशीच राहतो. कार्ड रिकामं करू नकोस, दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय, हेही बजावलं. १८०० फोटो म्हणजे ४५ जीबीच्या आसपास, ६४च्या कार्डात बसतात.

अंतरपाट धरला तेव्हा त्याला भटजींच्या मागे उभं केलं, मामा कुठून येणार ते आधी दाखवून. शेवटचं ‘सावधान’ झालं, पाट खाली आला, आणि व्हिडिओवाल्याची पाठ मध्ये आलीच. पोरगा गुडघ्यावर बसला. फोटोत पोरीच्या नाकासमोर एक अक्षता तरंगतेय, अंधूक, आणि ती मागे हसतेय.

सव्वीसाव्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन आला. तिथेच मशीनशेजारी लॅपटॉपवर बघितले, ३००० दिले. जाता जाता म्हणाला, “काकू, ह्या कुर्त्याची बाही जरा आत घ्याल?” घेतली. चाळीस रुपये झाले, ते त्याने दिले.