विंड फ्लॅग घरी बनवताय? मग या चुका टाळा

विंड फ्लॅग म्हणजे रायफलच्या रेंजवर वारा दाखवणारे छोटे झेंडे. माझे पहिले चार सॅटिनच्या रिबिनीचे होते. गुलाबी, झुळझुळीत, बांबूच्या काठीला खिळ्याने ठोकलेले. जरा झुळूक आली की चारही आडवे. दिसायला झकास, पण त्यांच्या भरवशावर मी अख्खा मोसम गोळ्या फुकट घालवल्या. कारण हलका वारा असो की बऱ्यापैकी जोराचा, रिबिनी आपल्या आडव्याच. शेवटी रेंजवरचे एक जुने काका म्हणाले, "अरे, हे झेंडे नाहीत, लग्नातली तोरणं आहेत."

1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून रायफल चालवायची) कांस्य जिंकलं, तेव्हापासून आमच्याकडे 10 मीटरच्या एअर रायफलवरून 50 मीटरकडे वळणारी पोरं वाढली आहेत. एअर रायफल बंद हॉलमध्ये चालते, तिथे वारा नसतो. इथे उघड्यावर आलं की पहिल्याच आठवड्यात गोळी कुठल्या कुठे जायला लागते आणि पोरगं रायफलला दोष देतं.

आधी हिशेब बघा. .22 ची मॅच गोळी नळीतून सेकंदाला साधारण 325 मीटर वेगाने निघते. आडवा वारा सेकंदाला 1 मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा, वाहत असेल तर 50 मीटरवर ती ढोबळमानाने 6 मिमी सरकते. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 0.8 मिमीला एक दशांश गुण जातो. म्हणजे 10.9 ची, अगदी मध्यात लागणारी गोळी तेवढ्या वाऱ्यात 10.2 च्या आसपास येते. वारा दुप्पट झाला की थेट 9.4. चेहऱ्याला जेमतेम जाणवणाऱ्या वाऱ्यात ही अवस्था. म्हणून झेंड्याने नुसतं "वारा आहे" सांगून भागत नाही, किती आहे तेही दाखवावं लागतं, आणि रोज एकाच भाषेत.

कापड चुकलं की सगळं चुकलं

आंतरराष्ट्रीय नियमांत झेंड्याचं कापड ठरलेलं आहे: सुती, चौरस मीटरला सुमारे 150 ग्रॅम वजनाचं. 50 मीटरच्या रेंजवर पट्टी 50 मिमी रुंद आणि 400 मिमी लांब. हे माप घरी तपासणं अगदी सोपं आहे. तेवढ्या एका पट्टीचं वजन 3 ग्रॅम भरतं. दहा पट्ट्या कापा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. 30 ग्रॅमच्या आसपास आलं तर कापड बरोबर. मांजरपाट बहुतेक वेळा या मापाच्या जवळ जातो, अस्तराचं कापड फार हलकं पडतं, आणि जाड ड्रिलची पट्टी वारा असूनही ढिम्म लटकून राहते.

मात्र नवा मांजरपाट आणला आणि तसाच कापला, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. त्यात खळ असते. खळीचं कापड कागदासारखं ताठ, वारा नसतानाही ते काठीपासून फटकून उभं राहतं. आधी गरम पाण्यात भिजवून, चोळून दोनदा धुवा, वाळवा, मग कापा आणि मगच वजन करा. दुसरी खोड म्हणजे कडा दुमडून शिवणं. आई किंवा टेलर हौसेने छान दुमड घालून देतात, आणि त्या दुमडीने पट्टीला कणा मिळतो. कडा तशाच ठेवा. सुटलेले दोरे कात्रीने कापत राहायचे. फक्त काठीकडच्या आखूड बाजूला एक सैलसा नेफा करा, त्यात बॉलपेनची रिकामी रिफील सरकवा आणि रिफिलीतून सायकलची तार. पट्टी तारेभोवती मोकळी फिरते, अडकत नाही.

वजन बरोबर, पण झेंडा बोलतो काय?

पट्टी अमुक कोनात उचलली म्हणजे वारा किती, हे माहीत नसेल तर झेंडा लावून उपयोग नाही. यासाठी वारा मोजायचं यंत्र लागत नाही. पहाटे, वारा पूर्ण पडलेला असताना, मैदानावर 50 मीटर आखा. झेंडा हातात आडव्या काठीवर अंगापासून लांब धरा आणि मित्राला स्टॉपवॉच द्या. 50 सेकंदांत अंतर कापलंत तर झेंड्याला सेकंदाला 1 मीटर वारा लागला. 25 सेकंदांत कापलंत तर 2 मीटर. 17 सेकंदांत पळालात तर जवळजवळ 3. प्रत्येक वेळी दुसऱ्या मित्राने बाजूने मोबाईलवर फोटो काढायचा. घरी येऊन फोटो शेजारी शेजारी ठेवले की पट्टीचा कोन आणि वारा यांचं नातं डोळ्यात बसतं. माझ्या सॅटिनच्या रिबिनी या परीक्षेत पहिल्याच फेरीत आडव्या झाल्या होत्या. पुढच्या दोन फेऱ्यांत त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ही फेरी प्रत्येक झेंड्याची करा. एक जुना, एक नवा, एक मित्राकडून आणलेला असे तीन झेंडे लावले आणि तिघांनी तीन वेगळे कोन दाखवले, तर तो वाऱ्यातला फरक आहे की कापडातला, हे कोण सांगणार? एका वेळी, एकाच कापडातून, सगळे झेंडे कापा.

पंख्याचा झेंडा

काहींना पट्टीपेक्षा विमानासारखा फिरता झेंडा आवडतो: पुढे पंखा, मागे पाते, खाली शेपूट. निवडणुकीच्या फलकांना वापरतात तो पोकळ नळ्यांचा प्लास्टिकचा पत्रा यासाठी उत्तम. हलका असतो, पावसाने बिघडत नाही, आणि निकालानंतर फुकट मिळतो.

इथली चूक तोलाची. मागचं पाते मोठं, पुढे वजन नाही. काठी जराशी कलली तरी जड बाजू उताराकडे वळते आणि तुम्हाला वाटतं वारा डावीकडून आहे. तपासायचं असं: झेंडा ज्या खिळीवर फिरतो ती खिळी हाताने आडवी धरा. पाते कुठल्याही दिशेला सोडलं तरी तिथेच थांबलं पाहिजे. दर वेळी मागचं पाते खाली जात असेल तर पुढच्या टोकाला नट-बोल्ट लावा आणि एकेक वायसर वाढवत जा. मग रेंजवर काठी ओळंब्यात उभी करा. ओळंबा म्हणजे दोऱ्याला बांधलेला नट, एवढंच. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने सरळ दिसलेली काठी माझ्या अनुभवात क्वचितच सरळ असते.

खिळी घट्ट वाटली की लोक तेल सोडतात. दोन दिवसांत त्यात धूळ बसते आणि चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. दोन वायसरांच्या मध्ये काचेचा मणी घातला तर आणखी छान फिरतं. आणि पंखा खडखडत असेल तर आधी तो दुरुस्त करा. शेजारच्या लेनवरचा माणूस श्वास रोखून बसलेला असतो.

लावायची जागा

झेंडे टार्गेटजवळ लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण स्कोपमध्ये टार्गेटबरोबर तेही दिसतात. पण गोळीवर जास्त परिणाम नळीजवळच्या वाऱ्याचा होतो. सुरुवातीला बसलेला आडवा धक्का पुढचं सगळं अंतर गोळीला बाजूला नेत राहतो. टार्गेटच्या तोंडाशी बसलेल्या धक्क्याला तेवढी सवडच मिळत नाही. सारखाच वारा असेल तर पहिल्या 25 मीटरचा वाटा साधारण तीन आणि शेवटच्या 25 चा एक, असं धरून चाला. नियमातही 50 मीटरच्या रेंजवर झेंडे 10 आणि 30 मीटरवर सांगितले आहेत, दोन लेनच्या मधल्या रेषेवर. दोनच झेंडे असतील तर तिथेच लावा. एकच असेल तर 10 मीटरवर.

उंचीत दोन्हीकडे चुका होतात. जमिनीलगत लावला तर गवत आणि मातीचा उंचवटा वारा अडवतात. डोक्यावर लावला तर तिथला वारा गोळीला भेटतच नाही. गोळीच्या वाटेच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, पण वाटेत यायचं नाही आणि टार्गेटही झाकायचं नाही. प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरताना, नळी जमिनीपासून वीत-दीड वीत वर असते आणि टार्गेटचा मध्य पाऊण मीटरच्या आसपास, त्यामुळे वाट हळूहळू चढत जाते. नळीच्या उंचीपासून टार्गेटच्या मध्यापर्यंत सुतळी ताणा आणि झेंडा साधारण सुतळीच्याच उंचीला, पण तिच्या बाजूला ठेवा. उभ्या पोझिशनसाठी ही वाट उलटी, वरून खाली येते. तीनही पोझिशन करणाऱ्यांनी म्हणूनच दोन लेनच्या मधली जागा सोडू नये.

हे सगळं मोजमाप रेंज ऑफिसरने पुढे जायची परवानगी दिल्यावरच. सगळ्या रायफली रिकाम्या, बोल्ट उघडे, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची बाहेरून दिसणारी खूण. हा दुसरा झेंडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

आणि लोखंडी सळई काठी म्हणून वापरू नका. चुकलेली गोळी सळईवर आदळून कुठे जाईल याचा नेम नाही. बांबू किंवा पीव्हीसी पाईप वापरा. आपल्याकडच्या मुरमात काठी रुतत नाही, म्हणून रंगाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात रोवतात. त्या डब्यात वाळू भरा, खडी नको. कारण तेच.

भिंत, झाड किंवा मातीच्या बांधाच्या आडोशाला वारा भोवऱ्यात फिरतो. 10 मीटरवरचा झेंडा डावीकडे आणि 30 वरचा उजवीकडे दाखवत असेल तर घाईने झेंड्याला दोष देऊ नका. दोन्ही झेंड्यांची अदलाबदल करा. दिशा जागेला चिकटून राहिली तर तो खरा वारा. झेंड्याबरोबर गेली तर झेंडा बिघडलेला.

रंग, पाऊस, गुंता

तांबड्या मातीपुढे लाल झेंडा आणि पावसाळ्यातल्या गवतापुढे हिरवा, हे मी स्वतः केलेलं आहे. मागच्या बाजूपासून उठून दिसेल असा रंग घ्या. पट्टे किंवा दोन रंग असले तर उत्तम. पात्याच्या दोन बाजूंना दोन रंग द्या, म्हणजे वारा उलटला की डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं. दहिवराने किंवा सरीने भिजलेली पट्टी दुप्पट जड होते, तिचा कोरड्या पट्टीचा हिशेब लावू नका. पिशवीत कोरडा जोड ठेवा.

झेंडा बरोबर, तरी गोळी बाहेर

उजव्या पिळाच्या नळीत (आतल्या खाचा गोळीला उजवीकडे फिरवतात ती) डावीकडून आलेला वारा गोळीला नुसतं उजवीकडे नाही, थोडं खालीही नेतो. उजवीकडून आलेला डावीकडे आणि थोडं वर. गोळ्या घड्याळातल्या 10 ते 4 अशा तिरक्या रेषेत पसरत असतील तर झेंडे ठीक आहेत, तुम्ही रायफलच्या साइटचे फक्त आडवे क्लिक फिरवताय, उभे नाही.

आणखी एक. सराव स्वतःच्या झेंड्यांवर करा, पण स्पर्धेत खासगी झेंड्यांना बंदी असते. तिथे रेंजने लावलेल्या सुती पट्ट्याच वाचायच्या असतात. मी पंख्याचे झेंडे कपाटात टाकले ते यामुळेच. मॅचच्या दिवशी जी पट्टी समोर असणार, तिचीच सवय डोळ्यांना हवी.

घरी नेताना मात्र पट्ट्या घडी घालून ठेवू नका. घडीची रेघ पडली की पट्टी तिथेच मोडते आणि वारा नसतानाही कोन दाखवते. पाईपच्या तुकड्यावर गुंडाळा आणि वर रबर लावा, सैलसर.