हौदाचा वॉल असा करा की हात सोडला की आपोआप बंद

शेतातल्या नाहीतर घरामागच्या सिमेंटच्या हौदाला आपल्याकडं जो वॉल, म्हणजे पाणी सोडायचा-मिटायचा व्हॉल्व्ह, बसवतात तो बहुतेक वेळा कुणाच्या हातानं चालणार ह्याचा विचार न करताच बसवलेला असतो. मिस्त्री येतो, खाली भिंतीला पाईप काढतो, बॉल वॉल नाहीतर पितळी कॉक लावून जातो. वर्षभर बरं चालतं. मग बोअरच्या जड पाण्याचा क्षार बॉलवर बसतो, उन्हानं प्लास्टिकचं हँडल कडक होऊन तुटतं, गेट वॉल असेल तर त्याच्या खाचेत गाळ बसून तो पूर्ण मिटतच नाही, आणि मग बाईमाणसानं दोन्ही हातांनी जोर लावून उघडायचं, पुन्हा वाकून बंद करायचं, आणि नीट बंद नाही झालं की गळती सुरू.

गळतीचा हिशेब एकदा करून बघाच. पेन्सिलीतल्या शिसाएवढी बारीक धार, मिनिटाला पाव लिटर धरा, दिवसाला ३६० लिटर जातात. वर्षाला सव्वा लाखाच्या वर. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं तेव्हा पहिल्या गाडीत १० वॅगन होत्या, साधारण ५ लाख लिटर पाणी. म्हणजे वर्षभर गळणारे चार हौद धरले की एवढं पाणी नुसतं चिखलात जातं. मी म्हणून सांगतोय, ज्या भागात टँकरची वाट बघत घागरी रांगेत लागतात तिथं वॉलचा नियम एकच पाहिजे, उघडायला माणूस लागला तरी चालंल पण बंद करायला माणूस लागू नये.

हे काम पाण्याच्याच वजनावर सोडायचं. वॉलचं तोंड हौदाच्या आत ठेवायचं, त्याच्यावर रबर लावलेली जड चकती बसवायची, वरचं पाणीच तिला दाबून धरतं. दोरीनं चकती उचलली की पाणी सुटतं, दोरी सोडली की चकती आपल्या वजनानं खाली. विहिरीतल्या मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाईपच्या बुडाचा फूट वॉल, ज्यांनी उघडून बघितलाय त्यांच्या हे लगेच लक्षात येईल.

आधी माप ठरवा, कारण उघडायला सोपं का अवघड हे तिथंच ठरतं. पाणी १ मीटर खोल असेल तर तळाला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १०० ग्रॅम दाब. आपला हौद धरू २.४ मीटर बाय २ मीटर, पाणी दीड मीटर, म्हणजे सात हजार लिटरच्या आसपास. ६३ मिमीच्या पाईपचं तोंड तळापासून १५ सेंमी वर ठेवलं तर त्याच्यावरच्या चकतीवर सव्वाचार किलो दाब येतो, चकतीचं स्वतःचं वजन धरून पावणेपाच. तेच तोंड ११० मिमीचं केलं तर नुसता पाण्याचाच दाब जवळपास १३ किलो. लोक म्हणतात मोठा पाईप टाका, पाणी धडाधडा येईल, पण तोंड दुप्पट रुंद केलं की ओढायचा जोर चौपट होतो हे कुणी सांगत नाही. आणि ६३ मिमीतनंसुद्धा भरल्या हौदाला सेकंदाला ५ ते ७ लिटर येतात, २०० लिटरचा ड्रम अर्ध्यापाऊण मिनिटात भरतो. जास्त लागतंय कुठं? नुसत्या घागरी-हंडे भरायचे असतील तर त्याहून बारका, ४० मिमीचा पुरे.

आता मोंढ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातनं काय काय आणायचं ते बोलू. ६३ मिमीचा पीव्हीसी पाईप, एक एल्बो, एक रिड्युसर टी, ९० मिमी पाईपचा वीतभर तुकडा, ११० मिमीचा फूटभर तुकडा, पाईप चिकटवायचं सोल्युशन, २० मिमी पाईप हौदाच्या उंचीपेक्षा थोडा जास्त. ८ मिमीचा स्टेनलेसचा आय बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला, साधारण पाच इंच लांब, त्याला दोन नट आणि ४० मिमी रुंदीचा वॉशर. स्टेनलेसच घ्या, साधा लोखंडी बोल्ट आपल्या पाण्यात लवकर गंजतो. पंक्चरवाल्याकडनं ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. ५ मिमीची नायलॉन दोरी, सुतळी नको, ती पाण्यात कुजते.

सगळ्यात जास्त वेळ पाईपच्या तोंडावर घालवा. कापताना पाईपला कागदाची सरळ पट्टी गुंडाळा, कड कडेला जुळली की त्या रेघेवर कापा, काप वाकडा जात नाही. मग गुळगुळीत शहाबादी फरशीवर नाहीतर टाईलवर पॉलिश पेपर ठेवायचा, पाणी टाकायचं आणि पाईपचं तोंड गोल गोल घासायचं, आधी १२० नंबर, मग ४०० नंबर. कड धारदार ठेवू नका, रबर चिरतं, हलकीशी गोलाई द्या. सपाट झालं का बघायचं असेल तर ओल्या काचेवर पाईप उभा करा, काचेखालनं बघितलं की ओली कडी सगळीकडं सारखी दिसली पाहिजे. हे एल्बोला चिकटवायच्या आधीच करून घ्या, नंतर हौदात वाकून काहीच नीट होत नाही.

चकती बनवायला ९० मिमी पाईपचा ५ सेंमी उंच तुकडा घ्या. सनमायका लावलेल्या प्लायला मधोमध ८ मिमीचं भोक पाडा, त्यातनं आय बोल्ट असा उभा करा की अडीच सेंमी खाली राहील आणि कडी वर. पाईपचा तुकडा त्याच्याभोवती बरोबर मध्यभागी ठेवून आत सिमेंट, वाळू आणि बारीक कच ह्यांचा माल घट्ट ठोकून भरा. दुसऱ्या दिवशी सोडवा आणि आठवडाभर पाण्यात टाकून ठेवा. खालची बाजू सनमायकासारखी सपाट येते, तीच आपल्याला पाहिजे. तयार एंड कॅप उलटी घालायची आयडिया बऱ्याच जणांना सुचते पण तिची पाठ पुष्कळदा घुमटासारखी असते, रबर नीट बसत नाही. ह्या चकतीचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं, पाण्यात साडेचारशे ग्रॅमभर राहतं, बसायला एवढं बस. हलकी चकती करू नका, तरंगली तर हौद रिकामा होईस्तोवर बंदच होणार नाही.

ट्यूब साबणानं धुऊन वजनाखाली सपाट करून ठेवा, मग ९० मिमीचे दोन गोल कापा. दोन थर घेतले की रबर मऊ राहतं आणि बारीक वाळूचा कण आला तरी त्याला सामावून घेतं. बोल्टात रबर घालून खालनं वॉशर आणि नट, त्या नटावर दुसरा नट घालून लॉक करा. बोल्टच्या अंगानं काँक्रीटमधनं पाणी झिरपत खाली येतं, त्याच्यामुळं रबराचं भोक बोल्टपेक्षा किंचित लहान पाडा आणि वॉशर चांगला आवळा. वॉशर पाईपच्या तोंडात मोकळा जायला पाहिजे एवढं ध्यानात ठेवा. रबराला तेल-ग्रीस अजिबात लावू नका, फुगून खराब होतं. आणि हौद पिण्याच्या पाण्याचा असेल तर ट्यूब वापरूच नका, फूड ग्रेड सिलिकॉनची शीट आणा.

भिंतीतनं जो पाईप जाणार तो गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही आणि तिथनंच पाझर सुटतो. त्याच्यावर सोल्युशन लावून लगेच कोरड्या वाळूत लोळवा, वाळलं की खरखरीत होतं, मग गच्च पकडतं. एल्बो लावून आत उभा केलेला तुकडा भिंतीपासून २० सेंमीवर यावा आणि तोंड तळापासून १५ सेंमी वर, म्हणजे गाळ खालीच राहतो. लेव्हल लावून तोंड चारी बाजूंनी बघा.

चकती सरळ वर जाऊन सरळ खाली यायला पाहिजे, नाहीतर एका बाजूला टेकून बसते आणि गळायला लागते. त्यासाठी ११० मिमीचा तुकडा तोंडाभोवती उभा करून तळाला मालानं पक्का करायचा आणि त्याला तोंडाच्या उंचीवर चार खिडक्या कापायच्या, प्रत्येक ५ बाय ५ सेंमीची. खिडक्यांची बेरीज पाईपच्या तोंडाच्या तिपटीच्या वर जाते, त्यामुळं पाणी कुठं अडत नाही. ह्या पिंजऱ्यात चकती इकडं तिकडं पळत नाही, पाला-कचराही बराच बाहेर राहतो.

आता तरफ. भिंतीच्या माथ्यावर दोन कड्या उभ्या करून मधी आडवा बोल्ट, त्याच्यावर एक मीटरचा चांगला वाळलेला बांबू. आतली बाजू २० सेंमी, बाहेरची ८०. आतल्या टोकाला चकतीची दोरी, बाहेरच्या टोकाला हातानं ओढायची दोरी, लेकरांच्या हाताला येईल अशी. आता हिशेब बघा, पावणेपाच किलोचं काम सव्वा किलोत होतंय. शेजारच्या काकूंच्या बोटांना संधिवाताच्या गाठी हायत, त्यांनी विचारलं, "बाबा, मला उघडंल का हे?" म्हटलं काकू, मुठीत धरायचं कामच नाही, दोरीच्या फासात मनगट घाला आणि हात खाली सोडा. त्या तशाच उघडायल्यात आता, बादली भरली की हात काढून घेतात. वॉल सोपा झाला का नाही हे असल्या हातांनाच विचारावं, दुकानदाराला नाही.

बांबू बाहेरच्या बाजूला लांब म्हणून स्वतःच्या वजनानं झुकतो आणि चकती उचलून धरतो, तसं होऊ नये म्हणून आतल्या टोकाला दगड बांधा, दोरी सैल पडेस्तोवर. बंद असताना चकतीच्या दोरीत बोटभर ढील असलीच पाहिजे. आणि उचलताना चकती दीड-दोन सेंमी उठली तरी पाईप पूर्ण वाहतो, तरी ५ सेंमी उठू द्या, कारण तोंडाच्या फार जवळ असली की वाहतं पाणी तिला खाली ओढतं.

लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "ढोरांची डोण भरायचीय, भाजीला पाणी द्यायचंय, तोवर दोरी धरून उभं राहायचं का?" खुंटीला दोरी अडकवायची सवय लावू नका, माणूस विसरतं आणि ह्या मापाच्या वॉलनं भरलेला हौद अर्ध्या तासात तळ गाठतो. त्यापेक्षा ५ लिटरचा तेलाचा कॅन घ्या, वरचं तोंड कापा, बुडाजवळ बारीक भोक पाडा आणि बाहेरच्या टोकाला टांगा. कॅन पाण्यानं भरला की त्याचं वजन तरफ खाली ओढतं, वॉल उघडतो, कॅनमधलं पाणी भोकातनं हळूहळू गळतं आणि कॅन जवळजवळ रिकामा झाला की चकती खाली पडून वॉल बंद. भोक ४ मिमीचं असेल तर साधारण ९-१० मिनिटं, ३ मिमीला पंधरा-सतरा, २ मिमीला पस्तिशीच्या आसपास. पहिल्यांदा घड्याळ लावून बघा आणि डोणीच्या हिशेबानं भोक ठरवा. कॅनची धार डोणीत नाहीतर झाडाच्या आळ्यात पडेल असं बघा. लाईट नाही, टायमर नाही, बिघडायला काही नाही. मला ह्या अख्ख्या जुगाडात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

बाहेरच्या पाईपला भिंतीलगत टी लावून त्यातनं २० मिमीचा पाईप हौदाच्या काठाच्या वर न्यायचा, तोंड खाली वळवून जाळी बांधायची. हे हवेसाठी. पुढं उताराला लांब पाईपलाईन असेल तर वॉल बंद झाल्यावर पुढचं पाणी धावत राहतं आणि मागं ओढ तयार होते, ती चकतीला खालनं खेचून धरते, मग पुढच्या वेळी उघडताना दुप्पट जोर लागतो आणि बायका म्हणतात वॉल जाम झाला. त्या टीच्या पुढं एक साधा बॉल वॉल पण ठेवा, एरवी उघडाच ठेवायचा, रबर बदलायचं असलं की तेवढ्यापुरता मिटायचा. तो मिटला आणि पुढची बाजू भरली की वरनं दोरीनं चकती सरळ बाहेर काढता येते, भरलेला हौद रिकामा करायची गरजच नाही. ट्यूबचा तुकडा आणि कात्री घरात असली की काम झालं.

सोल्युशन लावल्यावर एक दिवस पाणी भरू नका. मग आधी फूटभरच पाणी घ्या आणि बाहेरच्या पाईपचं तोंड कोरडं राहतंय का बघा. कमी पाण्यात थेंब थेंब येतो आणि हौद भरला की थांबतो असं झालं तर घाबरू नका, दाब वाढला की रबर बसतं. भरल्यावरही गळायलंय तर चकती दोन-चार वेळा उचलून आपटू द्या, कण निघून जातो. तरीही गळतंय म्हणजे तोंडाची कड परत घासावी लागंल.

हौदाला झाकण ठेवा, दोरीपुरतं भोक ठेवून बाकी सगळं बंद, पाणी उडून जाणं कमी होतं, शेवाळं धरत नाही आणि लेकरू आत पडायची भीती राहत नाही. जमिनीखालची बंद टाकी असेल तर आत उतरायच्या आधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, आणि वर माणूस उभा असल्याशिवाय एकट्यानं उतरू नका. क्षार जास्त असलेल्या गावात दर उन्हाळ्याच्या तोंडाला चकती वर काढून रबरावरचा पांढरा थर आणि पाईपच्या कडेवरची पुटं जुन्या फडक्यानं, थोडं लिंबू लावून पुसून घ्या, चाकूनं खरवडू नका.