पोटावर पिशवी आणि समोर समुद्र : उतरण्याआधीची तयारी

सलग तीन मे महिने मी सुरूच्या बनात सगळ्यांच्या चपला राखत बसले. चौथ्या वर्षी कंबरभर पाण्यात गेले. मला इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेने पोटावर बाहेर काढलं आहे आणि मळ तिथे लावलेल्या पिशवीत जमतो. ज्या तयारीवर गेले, ती इथे लिहिते.

शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरली आहे आणि समुद्रात जायला हरकत नाही, हे आधी सर्जनला विचारून घ्या. खारं पाणी स्टोमातून, म्हणजे पोटावरच्या त्या तोंडातून, आत शिरत नाही. स्टोमाला वेदनेच्या नसाच नसल्यामुळे मीठ त्याला झोंबतही नाही. झोंबतं ते भोवतालच्या सोललेल्या कातडीला, आणि चांगलंच. आपल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मृत समुद्राच्या सहलीचा बेत असेल तर तिथे याच्या जवळजवळ दसपट धरा. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधीपासून फ्लँजखालची (पिशवी धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीखालची) कातडी नीट बघत जा. लाली, ओल किंवा पुरळ दिसलं तर पाणी पुढे ढकला, समुद्र कुठे जात नाही.

फ्लँज आदल्या दिवशी बदला. पाण्यात शिरायच्या तोंडावर नवा लावू नका, गोंदाला धरायला वेळ लागतो. कातडी कोरडी करून, तेल-क्रीम न लावता चिकटवा आणि हाताच्या उबेने काही मिनिटं दाबून धरा. मग घरीच बादलीभर पाणी अंगावर घेऊन तासभर बसून बघा. मला खरा धीर या परीक्षेनेच आला. कडा उचलते असं वाटलं तर भोवती पाण्यात टिकणारी पट्टी लावा. पिशवीला वायूची जाळी असेल तर तिच्यावर पाकिटातलं स्टिकर लावा, कारण भिजलेली जाळी काम करत नाही. बाहेर आल्यावर ते काढायचं. वर उंच कमरेची घट्ट लेगिंग आणि सैल कुर्ता घातला की लाट पिशवी ओढत नाही, आणि कुणाला काही दिसतही नाही.

वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ : अष्टमीला सहा, मग ओहोटी बाराच्या सुमारास. ओहोटीचं पाणी आत ओढतं, म्हणून चढत्या भरतीत, कमरेपर्यंतच, आणि गावच्या माणसाला विचारून उतरा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि पावसाळा टाळा.

सकाळी मऊ पेज आणि केळं पुरे. फणस आणि ओलं खोबरं त्या दिवशी नको. इलिओस्टोमीत त्याचा चोथा अडकू शकतो. शहाळं जरूर प्या, पण त्यात सोडियम कमी असतं आणि आपल्या पिशवीतून जातं ते मुख्यतः सोडियमच. त्यामुळे ओआरएस हवंच : लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.) समुद्राचं पाणी मात्र गिळू नका, त्याने पिशवी भराभर भरते.

झोळीत दोन कापून ठेवलेले फ्लँज, दोन पिशव्या, मऊ फडकी, गोड्या पाण्याची बाटली, जुनं वर्तमानपत्र आणि काळी पिशवी ठेवा. झोळी सावलीत ठेवा. तापलेल्या गाडीत गोंद वितळतो. गरम पाण्याच्या कुंडात मी याच कारणाने उतरत नाही.

पिशवी रिकामी करून पाण्यात जा. बाहेर आल्यावर लगेच गोडं पाणी ओता, नाहीतर कडेला सुकलेलं मीठ आणि वाळू दिवसभर घासत राहतात. मग मागीलदारच्या न्हाणीत नीट आंघोळ करा, पिशवीचं कापड टिपून कोरडं करा आणि कडेवरून बोट फिरवा. पांढरी पडून उचललेली दिसली तर लगेच बदला. वापरलेली पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्या, पुळणीवर पुरू नका.

आणि सोबत एक माणूस असा घ्या, ज्याला हे सगळं ठाऊक आहे. माझ्यासोबत माझी जाऊ होती. पाण्यात तिने माझा हात धरला होता, आणि काठावर आमच्या चपला तिच्या मुलाने राखल्या.